ताई, तुझ्या सोयाच्या गोळ्या पोचल्या

ओसाकाच्या थोरल्या ताईला मितोहून धाकट्या किनूचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली वाकलेलीच असते, वेगळं वाकावं लागत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? इकडे थंडी पडली, मुळे वाळत टांगलेत.

तू धाडलेल्या सोयाच्या सत्त्वाच्या गोळ्या पोचल्या. रक्त खेळतं राहतं, गुडघे नाचतात, असं तू लिहिलंस. माझी छाती धडधडते म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, तेव्हाच डॉक्टरने माझा नात्तो बंद केला. जन्मभर सकाळच्या भातावर ते चिकट आंबवलेलं सोयाबीन खाल्लेल्या बाईला बंद! (तुला काय त्याचं, तू ओसाकाला नांदायला गेलीस आणि तिकडच्यांसारखं नात्तोला नाक मुरडायला शिकलीस.) मी ऐकलं. फक्त ह्यांच्या फोटोपुढे रोज वाटीभर ठेवायची, आणि मेलेल्या माणसापुढचं टाकू नये म्हणून नंतर खायची.

तुझ्या गोळीला ना वास, ना तार. मग हा नात्तो नव्हेच, म्हटलं, आणि रोज गिळत गेले. शिवाय नात्तो औषध हाणून पाडतो आणि ही गोळी रक्त पातळ करते, म्हणजे फिट्टंफाट!

मग मुळा किसताना नाकातून रक्त यायला लागलं. थांबेचना. ताई, मी बाळंतपणात घाबरले नाही, भूकंपात नाही, पण तो लाल कीस बघून किसणी टाकून किंचाळले. सुनेने तुझ्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचलं, की रक्त पातळ करायचं औषध घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. "सासूबाई, पुढचीच बाजू बघितलीत होय?" (पुढे हसऱ्या बाईचं चित्र आहे. चष्म्याशिवाय मला तेवढंच वाचता येतं.)

डॉक्टर ओरडला, "आजी, सोयाशी माझं वैर नाही. टोफू खा, मिसोचं सार प्या. पण नात्तो नको आणि ही गोळी तर नकोच! रक्ताचं पाणी झालंय."

"आणि ह्यांच्यापुढचा नात्तो?"

"त्यांना नुसता भात चालेल."

आता बरी आहे. रात्री मात्र नाक चाचपत झोपते.

तुझी किनू

ता. क. रक्ताची तीच गोळी तुलाही सुरू झालीय, असं तू उन्हाळ्यात कळवलं होतंस. आणि हे सत्त्व स्वतः घेऊन बघूनच मला धाडलंस. फोन केला, तर ऐकू न येऊन तू मला ओसाकाचं हवामान सांगितलंस. म्हणून हे पत्र. सोयाची गोळी थांबव, डॉक्टरची नव्हे (उलटं करशील, तुझा स्वभाव आहे), आणि आजच दवाखान्यात जा.

आणखी ता. क. उत्तर लगेच धाड. आलं नाही, तर तुझ्या फोटोपुढे रोज नात्तो ठेवीन.