शेवटचे दोन आकडे

२ तारीख, सोमवार
काम लागलं! लोकांची भांडी घासणं संपलं एकदाचं. आता क्रेनच्या यार्डात केबिन, गादीची खुर्ची आणि पंखा माझ्या एकटीचा. लेकीने ही वही दिली. रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारेल, म्हणाली. इथे मी सातवी पास सांगितलंय. तिसरीत शाळा सोडली हे फक्त तिला ठाऊक.

खांबावर वाऱ्याचं यंत्र आहे. चार बोंडं, एकमेकांकडे तोंड करून. चष्मेवाले साहेब म्हणाले, ती एकमेकांना आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज पाठवतात. वाऱ्याने तो लवकर किंवा उशिरा पोचतो, त्यावरून वारा कळतो. मी म्हटलं, माझ्या सासूसारखंच, कुजबुजायची हळू आणि कळायचं सगळ्या गल्लीला. साहेब हसले नाहीत. पडद्यावर दिशा, वेग आणि शेवटी दोन आकड्यांचा कोड. दर अर्ध्या तासाला रजिस्टरात उतरवायचं. वेग बाराच्या वर गेला की क्रेन थांबवायची. कोडचं साहेब भराभर बोलून गेले. मी मान हलवली. पुन्हा विचारायची लाज वाटली.

५ तारीख, गुरुवार
क्रेन चालवणाऱ्याला सगळे लंबू म्हणतात. वर चढायच्या आधी वॉकीटॉकीवर विचारतो, ताई, वारा काय म्हणतोय? मी सांगते, तुला शिव्या देतोय, चढ लवकर. हसतो बिचारा. डबा खाताना मला पोरीची चित्रं दाखवतो. सगळ्या चित्रांत क्रेनच.

१० तारीख, मंगळवार
कोड रोजचा शून्य शून्य. मग काय, सकाळीच दिवसभराचा रकाना शून्यांनी भरून ठेवते. उगाच कोण डोळे फोडणार? दिशा आणि वेग तेवढे बघून लिहिते.

१७ तारीख, मंगळवार
कसं लिहू.
अकरा चाळीसला लंबू म्हणाला, ताई, वर वाऱ्याच्या शिट्ट्या वाजतायत, नीट बघा. पडद्यावर वेग शून्य होता. मी म्हटलं, मशीन खोटं बोलतं का? आळस आलाय तुला, उचल. त्याने उचललं. पत्र्यांचा गठ्ठा झोक्यासारखा फिरला आणि त्याच्याच केबिनच्या काचेवर आदळला.
लंबू गेला.
पडद्यावर शेवटी शून्य चार होतं. मी पाहिलं होतं. वाटलं, असेल काहीतरी.

१८ तारीख, बुधवार
साहेबांनी सगळ्यांसमोर कोडचा कागद वाचला. शून्य शून्य असेल तरच वारा खरा. शून्य चार म्हणजे दोन्ही जोड्यांमधला आवाज अडला. मग वेग काहीही दिसो, तो खरा नाही; क्रेन ताबडतोब थांबवायची.
रजिस्टरात माझं शून्य शून्य. सकाळीच भरलेलं. साहेब म्हणाले, यंत्र ठीक होतं, वारा नव्हता, म्हणजे लंबूचीच चूक.
मी बाहेर आले. खांबाखाली प्लास्टिकची पिशवी पडली होती. यंत्राला गुंडाळलेली तीच असणार, चार बोंडांचे वळ होते तिच्यावर. कचऱ्यात टाकली.

२३ तारीख, सोमवार
यंत्र खाली काढून तपासासाठी माझ्या टेबलावर ठेवलंय. चालूच आहे. खिडक्या बंद, पंखा बंद. पडद्यावर शून्य यायला हवं. येतं, मग अर्धा, मग शून्य, मग अर्धा. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. कोड शून्य शून्य. म्हणजे खरा वारा.
साहेब आले तेव्हा काहीच नाही. मला सुट्टी घ्यायला सांगून गेले.

२५ तारीख, बुधवार
लंबूची बायको आली होती. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, लोक म्हणतात तो डुलकी काढत होता. पोरीला शाळेत चिडवतात. ताई, तुमच्यावर त्यांचा फार विश्वास होता, खरं सांगा, वारा होता का?
मी नाही म्हटलं.
तिने माझ्या पायाला हात लावला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.
ती गेल्यावर पडद्यावर दिशा आली. यंत्रावर दिशेचा बाण कोरलाय, त्यावरून मोजली. माझ्या खुर्चीच्या मागून.

२६ तारीख, गुरुवार
यंत्र फिरवून ठेवलं. बाण भिंतीकडे केला. दिशेचा आकडाही फिरला. वारा अजून माझ्याच मागून. मागे फक्त भिंत—
अकरा चाळीसला शून्य चार. बोंडांमध्ये काही नाही. हात घालून पाहिला. गार, ओलं काहीतरी— कोणीतरी बोटं धरल्यासारखं.

२७ तारीख, शुक्रवार
सकाळी रकाना भरला. शून्य शून्य, शून्य शून्य. वर पाहिलं, पुन्हा खाली रजिस्टरात पाहिलं. सगळीकडे शून्य चार. माझंच अक्षर. माझीच शाई—
पान फाडलं. खालच्या पानावरही.
लेकीला फोन लावला. ठेवून दिला. काय सांगू, तुझी आई—

२८ तारीख, शनिवार
यंत्राची वायर काढली. पडदा चालूच. एक. दीड. श्वास नाही आता, धाप— चढताना लागते तशी.
वॉकीटॉकीवर खरखर. विचारतोय. वारा काय—
अकरा अडतीस. मानेवर गार. मागे बघणार नाही.
लिहिते. थांब रे बाबा, लिहितेय. त्या दिवशी कोड शून्य चार होता. वारा होता. तो सांगत होता. पिशवी मी टाकली. बाई, तुमच्या पोरीला सांगा, त्याची चूक नव्हती, चूक मा—