यमुनेचा नवरा

९ डिसें. ७१, गुरु.
लढाईमुळे दादाची फॅक्टरीत डबल ड्यूटी. आई ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळा कागद लावून राहिली. दिवसभर माझ्याशी बोलली ती फक्त मागच्या खोलीतली भाडेकरू सगुणामावशी. पापड लाटता लाटता इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईचं सांगे. तेव्हा ती दुसऱ्या गावच्या फॅक्टरीत बारूद भरायची. ठिणगी नको म्हणून गेटवर बायांना सगळं धातूचं काढून ठेवावं लागे. जोडवी, मंगळसूत्र पण. सुटी झाली की परत घालायचं.
"एक दिवस मंगळसूत्र परत नाही घातलं," म्हणे. अन् पुढचा पापड लाटायला घेतला.
दादाला विचारलं, त्या बायांची नावं कुठं लिहिली असतील? "छोड़ ना, पुरानी बातें."
आठवीत शाळा सुटली माझी, पण इतिहासाचं पुस्तक पूर्ण वाचलं होतं. त्यात बाया म्हणजे राण्याच.

११, शनि.
या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी गोष्ट झाली. मावशीचं नाव बदललं, यमुना केलं. का नाही घातलं ते माहीत नव्हतं, म्हणून नवरा आघाडीवर मारला. तार येते वगैरे. लिहिताना मीच रडली.
दादा: "वाह, लेखिकाबाई! पोळ्या कोण करेल?"

१२, रवि.
अंक काढणाऱ्या काकूंना वाचून दाखवली. त्यांनी डोळे पुसले. बुधवारी पानं नेणार.

१३, सोम.
मावशीला वाचून दाखवली. लाटणं थांबलं.
"त्याले काहून मारलं तू?"
"जिता होता तो. मारे मले. त्या दिवशी गेटवरून घरी गेलीच नाही मी. बस."
इथे सगळे तिला विधवा समजतात. तिनंच तसं सांगितलं, म्हणून खोली मिळाली, पापड घेणारी घरं मिळाली.
"मी खोटं बोलली पोटासाठी. तुले काय अडलं होतं?"

१४, मंगळ.
शेवट बदलला. नवरा जिवंत. आधीपेक्षा कितीतरी चांगलं झालं, हेच वाईट. इथे बारूद भरलेली मराठी बाई एकच. मंडळातल्या सगळ्या ओळखतील. काकू पण तिचेच पापड घेतात.
विचारलं, देऊ का हे?
"दे." मग, "थांब. उद्या सांगते."

१५, बुध.
सकाळपासून तिचं दार बंद. हाक मारली तर आतून, "नंतर ये, बेटी." ती पण माझ्याशी नाही बोलली तर मग कोण...
दोन्ही शेवट लिहून समोर ठेवले आहेत. काकू आल्या वाटते, आई चहा टाकून राहिली. मागं तिच्या दाराची कडी वाजली आत्ता.