तुमच्या हातावरचे चट्टे

बाबा, काल रातभर माया डोळ्याले डोळा लागला नाही. पोरीचे हात पाहत बसली. तुमच्या हातावर होते तसेच चपटे, भुरे चट्टे तिच्या हातावर आले.

तुमी दिवसभर उन्हात रेल्वे लाइनवर गिट्टी भरून चांदूर रेल्वेच्या त्या खोलीत येत, चुलीजवळ बसत. आई भाकर थापून राहिली, मी तुमचे हात घासून राहिली. "घासू नको वं," तुमी म्हणता, "भाकरीवर तीळ असते, तसे हे माया अंगावर." आमी हासतो. मंग कपाळावर जखम झाली. लाइनवरची लोखंडी सब्बल लागली म्हणे. ते भरलीच नाही, अन् तुमी गेले.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईनं पोरीच्या चट्ट्याचा तुकडा तपासाले धाडला. म्हणे, याच्यात एक विषाणू निघाला, तो सगळ्याइच्याच कातडीवर राहते, काही करत नाही. पण त्याले दाबणारी जीन पोरीले मायकडून अन् बापाकडून, दोन्हीकडून खराब आली. अंगात दुसऱ्या जीन असते, बिघडलेल्या पेशीले त्या वाढू देत नाही. त्याच्यावरून मले आपल्या लाइनवरचा फाटकवाला आठवला. तो लाल झेंडी दाखवते, गाडी थांबते. हा विषाणू त्याच्या हातातली झेंडीच हिसकते, वरून ऊन त्याले आंधळं करते. मंग कातडीचा कॅन्सर होते.

"नात्यात लग्न?" बाईनं इचारलं. आत्या, आता माही सासू, बाजूलेच बसून होती. म्हणे, "आमच्यात भाची परक्यात देत नाही." तुमीच तिले शब्द देल्ला होता, बाबा. तुमीबी मामाचीच पोरगी केली होती. दोष कोणाले देऊ?

सगळ्यालेच कॅन्सर होत नाही, ऊन लागू देऊ नका, जखम भरली नाही तं लगेच दाखवा, असं बाई म्हणे. आता पोरगी लांब बाह्या घालून शाळेत जाते. "मलेच काहून टोपी?" इचारते.

दादाले सांगलं. तो तुमच्या जागेवर लागला, त्याच लाइनवर. दिवाळीत त्याच्या कपाळावर जखम पाहिली, तुमच्यासारखीच. "तू काय डॉक्टरीण झाली?" तो म्हणे. "हे चार लोकात गेलं तं माया पोरीले कोण करन?" मी सगळ्याइले सांगतो, दादा माहा फोन उचलत नाही. खोटं हाये. मीच लावत नाही. तो म्हणन, जखम अजून भरली नाही. ते आयकाची माही हिंमत नाही.

हा कागद काही तुमच्यापरेंत येत नाही. ज्याले सापडन त्यानं माया भावाले फोन लावावा, नंबर मागं लिहून ठेवला. म्हणावं, टोपी घाल, अन् ते कपाळ उद्याच दाखव.