गाळलेली ओळ

४ जानेवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

मोबाईलवर लिहीत नाही म्हणून तू मला पुराणपुरुष म्हणतेस, म्हण. कागदावर खोडलेलं दिसतं, म्हणून मला कागद आवडतो.

तुझ्या वहिनीच्या आठवणीतून नावं गेली, वार गेले, आता अधूनमधून मीही जातो. काल तिने मला बस किती वाजता सुटते असं विचारलं. मुलाने लांबून, ॲपवरून दिवसभराच्या मावशी लावून दिल्यात. त्यांचा हात इतका हलका की केसांतला गुंता निघालेला कळतही नाही. निघताना त्यांना तिचा फोटो काढून ॲपवर पाठवावा लागतो. चेहरा हसरा असला की मुलाला हिरवी खूण दिसते, नाहीतर पिवळी. पिवळी दिसली की त्याचा फोन येतो, आवाज कापरा.

म्हणून एक युक्ती केली आहे. मावशींनी मोबाईल वर धरला की मी आपली शाळेतली होडीची कविता म्हणतो आणि मुद्दाम एक ओळ गाळतो. ती चोर पकडल्यासारखी हसते. वर्गात मी चुकलो की पहिल्या बाकावरून हसायची, अगदी तशी.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

२० जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

युक्ती गोड आहे, पण मला पटली नाही. हसरे फोटो बघून तो निर्धास्त झाला की येईल कशाला? वहिनीला ओळख पटतेय तोवर त्याला बोलावून घे. कवितेतली ओळ गाळ हवी तर. मुलाला सांगताना गाळू नकोस.

रागावलास तरी लोभ राहू दे.
तुझी धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तू म्हणालीस तेच झालं. सगळ्या खुणा हिरव्या, म्हणून ॲपच्या कंपनीनेच मुलाला कळवलं की आईंची तब्येत स्थिर आहे, दिवसभराची बाई नको. आता सकाळी दोन तास कोणीतरी येतं, दर वेळी नवीन. मुलगा खूश, आईत सुधारणा आहे म्हणाला. जुन्या मावशी जाताना कंगवा माझ्या हातात देऊन गुंता टोकाकडून सोडवायला शिकवून गेल्या.

आता ओळ गाळली तरी तिला कळत नाही. पण मोबाईल वर झाला की हसते. परवा विजेचं मीटर बघायला आलेल्याने फोटोसाठी मोबाईल उचलला, तर त्याच्याकडे बघूनही हसली.

मुलाला लवकर ये म्हणून लिहिलंय. हसण्याचं लिहिलं नाही. हात वळला नाही गं.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
दादा

९ एप्रिल

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आईने मला आपण कोण असं विचारलं, तेव्हा गच्चीवर जाऊन रडून आलो. तुम्हाला कळू दिलं नाही. सगळे दिवस तिचा हात धरून बसलो, ती आपली खिडकीबाहेर बघत राहिली.

पण निघताना दारातून फोटो घ्यावा म्हणून मोबाईल वर धरला आणि बाबा, ती हसली. माझ्याकडे बघून. मी शाळेतून आल्यावर हसायची तशी. तो फोटो टेबलावर लावलाय. पुढची रजा वर्षभराने मिळेल, पण आता धीर आला. तिच्या आत मी आहे अजून. तिने ओळखलं ना मला?

आशीर्वाद असू द्यावा.
आपला बाळ

२२ एप्रिल

चि. धाकटीस, अ. उ. आ.

बाळाचं पत्र सोबत पाठवतोय. वाच आणि परत पाठव.

उत्तरात खरं लिहायला बसलो होतो. मीटरवाल्यापर्यंत आलो आणि कागद फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. ती समोर बसली होती, विंचरून झालं होतं. शेवटी लिहिलं की हो बाळा, तुलाच ओळखलं.

पत्र पाकिटात घालण्याआधी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ओळ गाळली होती धाकटे, सगळ्यात मोठी. मी थांबून तिच्याकडे बघत राहिलो. ती हसली नाही.

आता तूच तेवढी मला ओळखणारी. विसरू नकोस.
तुझा दादा