यांचं हृदय, माझं नाव

४ फेब्रुवारी
पुन्हा तेच! भाजी निवडत होते, तर आतून – "अगं, इकडे ये जरा." बायकोला नावाने हाक मारली तर यांच्या जिभेला काटे टोचतील. छातीला हात लावून पाहिलं. नुसती फडफड, ठोक्याला ठोका लागत नाही. वर म्हणतात, "घाबरू नकोस, अजून चालू आहे." असलं बोलणं!

रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्याव्यात, तर गेल्या महिन्यात पोटात रक्तस्राव झाला. न घ्याव्यात, तर हृदयात गुठळी होऊन मेंदूत जायची भीती. इकडे आड, तिकडे विहीर.

७ फेब्रुवारी
डॉक्टर विश्वजीत समजावतात छान. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची. चुकीचे ठोके जिथून सुटतात, तिथे डाग द्यायचे. शिवाय हृदयाच्या कोपऱ्यात एक छोटी पिशवी असते – बहुतेक गुठळ्या तिथेच होतात – तिच्या तोंडाला कायमचं झाकण. दोन्ही एकाच वेळी. सगळं नीट झालं तर काही महिन्यांनी या गोळ्याही सुटतील बहुधा.

"एका तिकिटात दोन खेळ," हे म्हणाले. डॉक्टर हसले. मी नाही. करतानाच पक्षाघाताचा झटका येण्याचा थोडा धोका असतो, हेही त्यांनी सांगितलं ना.

विश्रांतवाडी येईपर्यंत रिक्षात हे दुकानांच्या पाट्या वाचत होते. मग हळूच – "वाचा गेली तर गं? न बोलता पुण्यात राहायचं कसं?" मामंजींचं तसंच झालं होतं. शेवटी शेवटी नुसते बघत राहायचे. मी यांचा हात धरला. भर रिक्षात!

१६ फेब्रुवारी
उद्या. लेक आलीय वाघोलीहून, स्पृहा. बाबांची दाढी तिनेच केली. देवापुढे बसले, पण मागायचं काय ते सुचेना. बोलता ठेव यांना, एवढंच म्हटलं. मग टोमणे मारू देत जन्मभर.

१७ फेब्रुवारी
झालं! दोन्ही कामं नीट झाली.

शुद्धीवर आले तशी सिस्टर आली. बोलणं, ओळखणं ठीक आहे का ते बघतात म्हणे.
"आजोबा, या कोण?"
"बायको."
"नाव काय त्यांचं?"
हे माझ्याकडे बघतच राहिले. उभा संसार "अगं"वर काढला, आता काय सांगणार!
"नलिनी," म्हणाले.
सिस्टरने फाईल पाहिली. "यात तर हेमा आहे..." चेहराच उतरला तिचा. धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. हात वर करा, हसून दाखवा, सुरू झालं. हे म्हणतात, "हसण्यासारखं काय झालंय?"

आणि वाचा गेली ती माझी! कसंबसं म्हटलं, "अहो, बरोबर आहे त्यांचं. माहेरची नलिनीच मी."

लग्नात यांना ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहायला लावलं होतं – हेमा. सासूबाईंनी निवडलेलं. आई गेली, त्यानंतर नलिनी कुणी म्हटलंच नाही मला. रडू आवरेना. सिस्टरने पाणी दिलं.

२० फेब्रुवारी
घरी आलो. विचारलंच शेवटी – एवढी वर्षं नावाने हाक का नाही मारलीत?

पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "हेमा आईची. मी पसंत केली ती नलिनी. आईपुढे तसं म्हणायची हिंमत नव्हती. मग काय – अगं!"

आणि मी आपली समजत होते, लाजतात.