इतर : नगामागे पाच

सोमवार, ४ मार्च

पक्की बातमी : भेटवस्तूंच्या दुकानाची मालकीण वन्संच्या सुगंधी मेणबत्त्या घ्यायला तयार आहे. महिन्याला दोनशे, काचेच्या पेल्यात ओतलेल्या. वन्संनी दुपारी सांगितलं. पण मी पडले जन्मभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसलेली बाई, नणंदेच्या शब्दावर थोडीच थांबणार! दुकानात फोन लावून खातरजमा केली. मालकीण म्हणाली, "हो हो, घेते. नमुना वीस तारखेपर्यंत दाखवा आणि घाऊक भाव सांगा. महिनाअखेरपर्यंत."

फोन ठेवते तोच वन्सं मागे उभ्या. "विश्वास नाही ना माझ्यावर?"

"विश्वास आहे हो. दुजोरा नव्हता."

मग त्यांनी खरं ते सांगितलं. शिंप्याच्या दुकानामागे एक खोली रिकामी आहे. त्यांनी बघून ठेवली आहे. भाडं आणि वरखर्च धरून महिन्याला नऊ हजार हाती आले, तर त्या तिथे राहायला जातील. एकट्या. "भावाकडे पंधरा दिवस म्हणून आले होते वहिनी. सहावं वर्ष चाललंय. नऊ हजार सुटतील का, एवढं नीट काढून दे. तू पेपरात आकड्यांचं पान बघायचीस ना?"

बघायचे! देशाच्या तिजोरीत किती खड्डा पडला ते रोज छापायचे. एका मेणबत्तीचा हिशेब म्हणजे हातचा मळ.

आणि स्वयंपाकघर परत माझं होणार! सहा वर्षांत पहिल्यांदा चहाला लव्हेंडरचा वास येणार नाही.

मंगळवार, ५ मार्च

झाला हिशेब! अर्धा तास लागला, त्यातही मधे चहा.

मेण ४८, सुगंधी तेल २६, काचेचा पेला २२. एकूण ९६. घाऊक भाव दीडशे धरला तर नगामागे ५४ सुटतात. दोनशे नगांचे दहा हजार आठशे.

वन्संना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "एवढे?"

मी म्हटलं, "एवढे." मोठ्या रुबाबात.

बुधवार, ६ मार्च

वात विसरले.

मेणबत्तीच्या हिशेबात वात विसरले! सकाळी वन्सं चहाला आल्या. नुसती एक वात माझ्या बशीत बिस्किटाशेजारी आणून ठेवली.

एकदा वात आठवली म्हटल्यावर बाकीची वरात मागोमाग आलीच. वात आणि तिची पत्र्याची चकती ४, लेबल ३, खोकं १४, गॅस ५, पातेल्याला चिकटून वाया जाणारं मेण आणि फुटके पेले मिळून ९. खर्च १३१ वर गेला. नगामागे उरले १९. महिन्याचे तीन हजार आठशे.

"एवढ्यात खोलीचं दार येईल," वन्सं म्हणाल्या. "खोली नाही."

गुरुवार, ७ मार्च

ह्यांनी विचारलं, "काय गं, पेपरातले ते सगळे आकडे पण तूच तपासायचीस?" उत्तर म्हणून भाजी मुद्दाम अळणी केली. ह्यांनी मुद्दाम कौतुक करून खाल्ली.

सोमवार, ११ मार्च

आजचा दिवस छापण्यालायक नाही, म्हणून इथे लिहिते.

मालकिणीने नमुने वीस तारखेपर्यंत मागितले होते. तारीख दिसली की माझे हात शिवशिवतात. शनिवारी वन्सं मेण ओतत होत्या आणि मी घड्याळ घेऊन डोक्याशी उभी. "थंड झालं का? आता झालं का?" त्या म्हणाल्या, "वहिनी, राहू दे थोडे दिवस." मी म्हटलं, "कशाला? घट्ट झालंय की!" आणि आज सकाळी सहा पेले खोक्यात घालून स्वतः दुकानात नेऊन दिले. मुदतीच्या नऊ दिवस आधी! शाबासकीच्या अपेक्षेने काउंटरपाशी उभी राहिले.

मालकिणीने एक पेटवली. थोडं थांबली. नाक जवळ नेलं. अजून जवळ नेलं. भुवई जळते की काय असं वाटलं मला.

"दिसायला गोड आहे हो. पण वास?"

वास नव्हता. मेण, वात, ज्योत, सगळं जागच्या जागी. वास तेवढा गैरहजर.

घरी आले. वन्संनी चेहरा बघूनच ओळखलं. तेल मेणात मुरायला दोन आठवडे तरी लागतात म्हणे! "आधी का नाही सांगितलंत?" म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे म्हटलं होतं की. ती काय बातमी आहे, शिळी होईल म्हणून पळत सुटायला?"

आणि हसायला लागल्या. मी रागावायच्या बेतात होते, पण मालकिणीची ती भुवई आठवली आणि माझंही हसू फुटलं. दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हसत होतो. हे दारात येऊन बघून गेले. काय झालं म्हणून विचारायची हिंमत झाली नाही त्यांची.

मालकिणीला फोन केला. भली बाई. तेच पेले ठेवून घेते, दोन आठवड्यांनी पुन्हा पेटवते म्हणाली.

बुधवार, १३ मार्च

दुसरी चूक सापडली. ही मात्र फायद्याची!

पेला मी पाण्याने भरून मापला होता. दोनशे मिली पाणी, म्हणजे दोनशे ग्रॅम मेण, असं धरलं. मेण पाण्यावर तरंगतं हे मला शाळेपासून ठाऊक आहे. तरी शहाणपण हिशेबापर्यंत पोचलं नाही! शिवाय पेला काही काठोकाठ भरत नाहीत. आज वन्संनी भरलेला पेला काट्यावर ठेवला, रिकाम्याचं वजन वजा केलं. मेण जेमतेम एकशे साठ ग्रॅम.

म्हणजे मेण ३८ वर आलं, तेल २१ वर. नगाचा खर्च ११६.

वन्सं म्हणाल्या, "बघ, खोली जवळ आली."

मी "हो" म्हटलं. जरा उशिराने.

रविवार, १७ मार्च

खोली बघायला मला बरोबर नेलं. शिंप्याच्या यंत्राची घरघर भिंतीतून ऐकू येते. एक खिडकी, एक नळ, कोपऱ्यात ओटा. वन्संनी पावलांनी मापून दाखवलं : इथे मेणाची पातेली, इथे भरलेले पेले मुरायला, इथे पलंग, खिडकीशी खुर्ची.

"खुर्ची एकच?"

"मला एकटीला किती लागतात?"

शिंपी म्हणाला, "ताई, माझ्या यंत्राचा त्रास नाही ना व्हायचा?" वन्सं म्हणाल्या, "नाही रे. आवाज हवाच घरात. आमच्याकडे ही दिवसभर बोलते, त्याची सवय आहे."

"ही" म्हणजे मी.

परत येताना पूर्ण रस्ताभर मी काही बोलले नाही. दाखवायला, की मी दिवसभर बोलत नाही. वन्संच्या ते लक्षातही आलं नाही. त्या पडद्याच्या कापडाचं बोलत होत्या.

शनिवार, २३ मार्च

मालकिणीचा फोन. तिला धीर निघाला नाही, आजच पेटवली. "अहो, दुकानभर वास! गिऱ्हाईक विचारतंय." ती तीनशे तीसला विकणार. घाऊक भाव त्याच्या निम्मा, म्हणजे १६५ पर्यंत द्यायची तयारी आहे. पण आमच्याकडून पक्का आकडा लिहून हवा.

१६५ वजा ११६. नगामागे ४९. दोनशे नगांचे नऊ हजार आठशे.

नऊ हजारांच्या वर! वन्सं बाजारात गेल्या होत्या. आल्यावर सांगते म्हटलं. आल्या, चपला काढल्या, पाणी प्यायल्या. सांगितलं नाही. उद्या एकदा तपासून सांगेन. घाई नडते, हे आत्ताच शिकले आहे ना!

रविवार, २४ मार्च

तपासलं. सगळं बरोबर.

मग खर्चाच्या खाली अजून एक ओळ लिहिली. इतर : नगामागे ५.

इतर म्हणजे काय? काही नाही. पण नगाचा खर्च १२१ झाला, उरले ४४, महिन्याचे आठ हजार आठशे. नऊ हजाराला दोनशे कमी.

एखाद्या पोराने बातमीत "इतर कारणांमुळे" असं लिहून आणलं, तर मी कागद त्याच्या तोंडावर परत करायचे. "इतर म्हणजे कोण? नाव लिही." आता माझ्याच अक्षरात इतर! तेही इतकं सुबक, की कुणालाही संशय यावा.

स्वयंपाकघर परत मिळावं म्हणून मीच हिशेबाला बसले होते. आणि ज्या दिवशी ते मिळायची वेळ आली, त्या दिवशी हा उद्योग. नगामागे पाच. लबाडी करायची तीसुद्धा काटकसरीने!

सोमवार, २५ मार्च

वन्संना कागद दिला. "दोनशे कमी पडतात हो."

त्यांनी चष्मा लावला. वरून खाली वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मग कागदाची घडी घालून म्हणाल्या, "बरं."

नुसतं बरं! वात आणून बशीत ठेवली असती तर परवडलं असतं.

मंगळवार, २६ मार्च

चोराच्या मनात चांदणं. जेवताना वन्सं "मीठ दे" म्हणाल्या, तरी मी दचकले.

गुरुवार, २८ मार्च

कबूल करायचं ठरवून स्वयंपाकघरात गेले. वन्सं मेण ढवळत होत्या. म्हटलं, "वन्सं, त्या हिशेबात..."

"आता बोलू नको. तेल घालायचं तापमान आलंय."

थांबले. तेल घालून झालं, ओतून झालं. पुन्हा तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "जरा बाहेर जाऊन येते." आणि गेल्याच. एवढं वय झालं तरी कबुलीजबाब द्यायला मला कुणी जागा करून देत नाही.

ह्यांना सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तिला सरळ म्हण ना, जाऊ नका." जसं काही ते इतकं सोपं असतं! स्वतः सख्खा भाऊ असून एकदा तरी म्हणालेत का? तसं विचारलं. पेपर वर केला आणि पेपरामागून म्हणाले, "तू म्हणशील असं वाटलं."

शनिवार, ३० मार्च

मालकिणीने फोनवर पक्कं केलं, आणि आज मी दुजोरा मागितला नव्हता : वन्सं गुरुवारी स्वतः दुकानात गेल्या आणि १७० भाव ठरवून आल्या. "तुमच्या नणंदबाई फार सरळ बोलतात हो," मालकीण म्हणाली. "म्हणाल्या, खर्च एकशे एकवीस, आमच्या घरच्या बाईने काढलाय, त्यातला एक पैसा कमी होणार नाही."

१७० वजा १२१. ४९. नऊ हजार आठशे.

वन्संपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "ते इतर... खोटं आहे. काढून टाका."

"कशाला काढू? नगामागे पाच म्हणजे महिन्याचे हजार. वाती कोण कापणार? लेबलं कोण चिकटवणार? मला काय चार हात आहेत?" मग माझ्या हातावर खोलीची दुसरी किल्ली ठेवली. "नऊ ते एक. खुर्ची घरून आण. आणि वहिनी, वेळेवर ये. आधी येऊ नकोस."

टेम्पो उद्या दहाला येणार. पातेली आधी जातील, मग वन्सं. दोन खुर्च्या मी दाराशी काढून ठेवल्या आहेत. सोमवारपासून मी कामाला.