देवीच्या पायाशी ठेवलेलं गणित

टुबाई,

आजची रात्र मीही आईसोबत इस्पितळातच राहणार आहे. भात झाकलाय, माशाचं कालवण गरम करून घे. अंडी शोधू नकोस. परीक्षेआधी अंडं खाल्लं की शून्य मिळतं म्हणून बाबांना इस्पितळात नेण्याच्या घाईतही आईने ती शेजारी देऊन टाकली. उगाच दिली. शून्य मिळवायला तुला अंड्याची गरज कुठेय?

सरस्वतीपूजेच्या दिवशी वाचायचं नसतं म्हणून गणिताचं पुस्तक देवीच्या पायाशी ठेवलंस. देवी केव्हाच तळ्यात बुडाली, पुस्तक अजून पाटावरच. आज उघडलं तर प्रमेयांच्या पानात भटजींनी ठेवलेला झेंडू जागचा हललेला नव्हता.

उद्या परीक्षेला निघताना शकुनाचा दह्याचा टिळा लावायला आई नसेल. वाटी फ्रिजमध्ये आहे. आरशात बघून लाव, कपाळाचा मध्य तरी तुला सापडेल.

काल शुद्धीवर आल्यावर बाबांनी आधी तुझंच विचारलं. दिवसभर पुस्तकातून मान वर काढत नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं. हसले.

पुस्तक तुझ्या उशीवर ठेवलंय. झेंडू मी काढलाय, पुढचं तू बघ.

दिदी